बहिऱ्या डोंगराची ओ

सांगतो. पण मला सांगायची हौस आहे असं समजू नका. कारवी फुलली की दरवेळी तुम्ही देवळाच्या पडवीत गोणपाट अंथरता आणि सगळ्यात म्हातारा कोण म्हणून शोधत निघता. मागच्या फुलोऱ्याला धावजी होता. त्याला गळाही होता आणि सांगायची खाजही होती. तो गेला, आता माझ्या मागं लागलात. पावसानं माझे गुडघे धरलेत, चहा दिलात तो अर्धा कप, त्यातही साखर टाकताना कुणाचा तरी हात आखडला. आणि ती समोर शहरातली पोरं दोर-बीर घेऊन बसलीत, त्यांना सकाळी बहिऱ्यावर चढायचंय, म्हणून त्यांना घाई. घाई असेल त्यानं आत्ताच उठावं. ज्या दिवशी घाई करायला पाहिजे होती त्या दिवशी या गावानं केली नाही, म्हणून ही गोष्ट घडली. आता कशाला घाई?

तर ऐका. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि तेव्हापासून किती वेळा फुलली ते मोजणारी माणसंही मरून गेली. तेव्हा या उंबरदांडाला रस्ता नव्हता, वीज नव्हती, पण डोंगर हाच होता. असाच काळा, असाच उभा. पावसाळ्याचे चार महिने तो कुणाला दिसत नाही. नुसतं धुकं, आणि धुक्याच्या आत तो आहे हे सगळ्यांना ठाऊक.

त्याचं नाव बहिऱ्या, कारण त्याला ऐकू यायचं नाही. दुसऱ्या डोंगरासमोर उभं राहून ओरडलं की आवाज फिरून येतो. याच्यासमोर ओरडा, काही नाही. भिंतीवर गोवरी थापावी तशी हाक त्याच्या अंगावर बसायची आणि तिथंच वाळून जायची, असं म्हणतात.

वर कुणी जात नसे. देव नाही, पाणी नाही, चारा नाही, कशाला जायचं? जायचं ते फक्त कारवी फुलली की. तेव्हा कड्याला मधाची पोळी लागायची. ज्यानं पहिलं पोळं पाहिलं त्यानं खाली काठीला चिंधी बांधून खूण करायची, मग ते पोळं त्याच्या घराचं. म्हणून भादव्यात, धुकं असतानाच, एखादा गडी एकटा वर जाऊन खूण करून यायचा.

आणि एक नियम होता. तो नीट ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. धुक्यात कुणाला नावानं हाक मारायची नाही. नात्यानं मारायची. ए भावा, ए मामा, ए आये. का? तर धुक्यात चकवा फिरतो. माणसाला फिरवून फिरवून दरीत नेऊन घालतो. तो घरांच्या मागं उभा राहून ऐकतो, त्याला सगळ्यांची नावं पाठ. आवाजही काढता येतो त्याला, हुबेहूब. पण नातं त्याला ठाऊक नसतं. नाव काय, ऐकून कुणालाही कळतं. नातं ज्याचं त्यालाच. म्हणून धुक्यातून नुसत्या नावाची हाक आली तर ओ द्यायची नाही. ओ दिली की चकव्याला वाट सापडली.

नियम वाईट नव्हता. नियमानं माणसं वाचलीही असतील. पण नियम बायकोपोरांच्या घरात कसा बसतो ते बनवणाऱ्यानं पाहिलं नव्हतं.

गावात भिवराई म्हणून एक बाई होती. नवरा तरणाताठा गेला, एकच लेक, लुमा. तिनं त्याला नाचणीच्या पेजेवर वाढवला. लुमा कुठंही गेला तरी परतताना टेपावरून, गावाबाहेरच्या टेकाडावरून, हाक मारायचा, "आयेऽऽ." आणि भिवराई हातातलं टाकून ओ द्यायची. भाकरी तव्यावर करपली तरी चालेल, ओ आधी. ती एक हाक आणि ती एक ओ, एवढाच तिचा संसार होता.

मग लुमाचं लग्न झालं. घाटाखालची पोरगी केली, ठमा. कामाला वाघीण, बोलायला थोडी. पण इथं आल्यावर तिचं नावच गेलं. गावात ती लुमाची. सासू म्हणायची, "अगं ए." आणि नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं म्हणजे तेव्हा काय ते! आणि घरात चारचौघं नसले तरी एक भिवराई होतीच.

ते कारवीचं वर्ष होतं. दिवेलागणीला भिवराई गोठ्यात म्हशीला गवत टाकत होती. मधे नुसता कुडाचा आडोसा. पलीकडे चुलीपाशी दोघं बोलत होती.

"माझं नाव तरी आठवतं का तुम्हाला?" ठमा म्हणाली.

"आठवतं की."

"मग घ्या बरं एकदा."

"आये आहे गोठ्यात."

"आत्याबाई गोठ्यात, चुलत सासरे ओट्यावर, कुणी ना कुणी असतंच. म्हातारी होईन मी तुमचं 'अगं' ऐकत."

लुमा हसला. म्हणाला, "उद्या बहिऱ्यावर चाललोय मी, खूण करायला. तिथून मारतो तुला हाक. नावानं. तो बहिरा, त्याला कुठं ऐकू जातंय?"

"आणि गावाला गेली ऐकू म्हणजे?"

"मग गाव म्हणंल, चकवा आला."

दोघंही हसली. तोंडावर पदर धरून हसावं तशी, आवाज दाबून. आणि गोठ्यात भिवराईच्या हातातलं गवत हातातच राहिलं. जन्मभर आये म्हणून हाक मारणारं पोर उद्या डोंगरावर उभं राहून बायकोचं नाव घेणार! तिनं गवत म्हशीपुढं असं आपटलं की म्हैस मागं सरली. पण बोलली नाही. मनात म्हणाली, मारू दे हाक, येऊ दे घरी, मग बघते.

दुसऱ्या दिवशी लुमा गेला. उन्हं कलायच्या आत येतो म्हणाला होता. दुपारपासून धुकं असं उतरलं की दारातली तुळस दिसेना. संध्याकाळी पाऊस लागला म्हणून सगळी माणसं या पडवीत, हो, ह्याच पडवीत, शेकोटी करून बसली होती. भिवराई होती, ठमा होती, आणि खेवजी भगत होता. खेवजी म्हणजे गावाचा देव-देवऋषी सगळं. तो बोलला की पाटीलही गप.

आणि वरून हाक आली.

"ठमेऽऽ!"

शेकोटीतलं लाकूड तेवढं तडतडलं. खेवजीनं हात वर केला. "ओ देऊ नका कुणी."

"पण भगत, आवाज तर लुमाचा वाटतोय," कुणीतरी म्हणालं.

"आवाज काय, उसना घेता येतो. नातं उसनं मिळत नाही. लुमा असता तर आये म्हणाला असता. अडचणीतला माणूस आईला हाक मारतो, बायकोला कोण मारतं? काय भिवरे?"

सगळ्यांनी भिवराईकडं पाहिलं. तिच्या कानात कालचं हसणं होतं. तिला ठाऊक होतं, हा चकवा नाही, हा आपलाच बेशरम लेक आहे. पण तो अडचणीत आहे हे तिच्या मनात आलं नाही. तिला वाटलं, बोलल्याप्रमाणं तमाशा करतोय. आणि हे चारचौघांत कोणत्या तोंडानं सांगायचं? तिचे गाल तापले.

"माझा लुमा बायकोचं नाव घेईल?" ती म्हणाली. "माझ्या पोरानं काय लाज सोडलीय?"

"बघा," खेवजी म्हणाला. "आईच सांगतेय. आता पुढं काय बोलायचं?"

ठमा उठली. भिवराईनं तिचं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी वाढली.

"बस खाली."

"आत्याबाई," ठमा हळूच म्हणाली, "ही हाक हसरी नाही."

"बस म्हणते ना!"

परत हाक आली. या वेळी लांबून, जशी काही फिरून दुसऱ्याच अंगाला गेलेली. "ठमेऽऽ." मग परत एकदा, त्याहून खालच्या आवाजात. वासरू अडलेल्या गाईसारखी. ठमानं तोंड उघडलं, पण तिच्याभोवती सगळं गाव बसलेलं, भगत डोळे वटारून, चुलत सासरे समोर, आणि चुलीपाशी नवरा आपल्याशी काय बोलला ते सांगायचं कसं? तिनं तोंड मिटलं. त्यानंतर हाक आली नाही.

सकाळी धुकं जरा विरळ झालं तेव्हा माणसं वर गेली. फार वर जावंच लागलं नाही. गुरांच्या वाटेच्या थोडं वर त्याचा पाय मोडला होता. तिथून तो चिखलातून सरपटला होता. खूण अगदी स्पष्ट होती. थोडा गावाकडं आला होता, थांबला होता. मग उलटा गेला होता. परत थांबला होता. जिथं जिथं थांबला तिथं हाताचे पंजे उमटले होते, मान वर करून ऐकत बसलेल्या माणसासारखे. अहो, धुक्यात माणसाला वाट नको असते, दिशा लागते. ओ कुठून येते तिकडं गाव. त्याला ओ आली नाही. तो हाक मारत आणि ऐकत, हाक मारत आणि ऐकत, गावाकडं पाठ करून सरपटत घळीच्या तोंडाशी गेला आणि आत पडला.

त्याच्या बगलेत अजून ऊब होती, असं म्हणतात.

दहाव्याला नदीवर सगळे जमले तेव्हा ठमा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "ती हाक त्यांचीच होती. मी ओळखली होती."

भिवराई तिच्या अंगावर धावून गेली. "मग तेव्हा तोंड का शिवलं होतंस, अवदसे? माझं पोर खाल्लंस!"

सगळं गाव तेच म्हणालं. बायकोला ठाऊक होतं आणि बायको गप बसली. खेवजी भगताला तर बरंच झालं. ठमानं सासूकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. तिनं कुडाचं नाव काढलं नाही, मनगटाचं काढलं नाही. तिला ठाऊक होतं की म्हातारीनं गोठ्यातून सगळं ऐकलंय? काही म्हणतात, ठाऊक होतं. गोठ्यात गवत आपटल्याचा आवाज चुलीपर्यंत येतो.

त्याच दिवशी ठमानं एका मडक्यात चुलीतले निखारे घेतले, वर राख टाकली, सासूच्या पाया पडली. भिवराईनं तोंड फिरवलं. ठमा बहिऱ्यावर निघून गेली.

गाव म्हणालं, येईल दोन दिवसांनी. पाऊस गेला, थंडी आली, ठमा आली नाही. कड्याखाली एक कपार आहे, माणूस वाकून आत जाईल एवढी. तिथून धूर दिसायचा. आणि पुढच्या पावसाळ्यात, धुकं उतरल्यावर, एक गुराखी चुकला. तो भ्याला आणि जे तोंडात आलं ते ओरडला, म्हशीचं नाव का कुणाचं. आणि वरून आली.

"ओऽऽ!"

बाईचा आवाज. लांब, सपाट, तोडल्यासारखा नाही, ओढल्यासारखा. तो त्या आवाजाला पाठ करून खाली चालत सुटला आणि बरोबर गावात आला.

तेव्हापासून तेच. कुणीही, कसलीही हाक मारली, नावानं, नात्यानं, शिवीनं, वरून ओ यायची. घाटाखालून येणारं लग्नाचं वऱ्हाड धुक्यात सापडलं होतं, नवरीसकट रडत होते, त्यांना ठमानं ओ देत देत पार करून दिलं. म्हणतात की पावसाच्या गडगडाटातही तिची ओ ऐकू यायची. बिबट्या तिच्या कपारीच्या तोंडाशी निजायचा आणि ती त्याच्यावरून पाय टाकून जायची. आग्या माश्या तिच्या केसांत बसायच्या, पण डसायच्या नाहीत. आणि तीन दऱ्यांपलीकडच्या लोकांनाही ती ओ ऐकू जायची, पण ती राहायची त्या बहिऱ्याला नाही. डोंगर तसाच बहिरा. ओ त्याच्यावर आपटली तरी परत यायची नाही. असं म्हणतात. मी काही पाहायला नव्हतो.

गाव तिला मानायला लागलं. तोंडावर नाही, पण मानायला लागलं. वेशीबाहेर चपटा धोंडा आहे ना, तिथं बायका पीठ, मीठ, जुनेरं ठेवायच्या. भिवराईही रोज एक भाकरी ठेवायची. रोज. सणाला त्यावर गूळ. सकाळी भाकरी गेलेली असायची. पण भिवराईनं कधी हाक मारली नाही. ती धोंड्यापाशी उभी राहायची, तोंड उघडायची, आणि मिटून परत यायची. नुसतं 'पोरी' म्हटलं असतं तर वरून ओ आली असती. सगळ्या मुलखाला येत होती, गुरांना येत होती, चोरांना येत होती. पण जिच्या मनगटावर आपल्या बोटांचे वळ उठवले तिला हाक मारायची कशी? आणि ओ आली तर पुढं काय बोलायचं? तेवढ्यासाठी म्हातारी गप राहिली.

एकदा खेवजी भगत सापडला धुक्यात. औषधाची मुळी काढायला गेला होता. तो हाक मारेना. आपण चकव्याला बांधणारे, आपण कशी हाक मारायची? दिवसभर घळीभोवती फिरला, धोतर फाटलं, एक वहाण गेली. शेवटी बसला आणि रडवेल्या आवाजात ओरडला, "ठमेऽऽ!" नावानंच, बरं का.

"ओऽऽ!" अगदी जवळून आली. ठमा धुक्यातून समोर आली. पुढं चालू लागली, हा मागं. धोंड्यापाशी पोचल्यावर ती वळली आणि म्हणाली, "भगता, चकव्याच्या मागं चालत आलास की रे."

खेवजीनं मान खाली घातली. तेव्हाच त्यानं दोन शब्द बोलायला पाहिजे होते. चुकलो, एवढे. नाही बोलला. घरी गेला, सुनेला म्हणाला, पाणी तापव. लोकांना सांगितलं, वहाण माकडानं नेली. काही माणसांना चूक कबूल करण्यापेक्षा माकडावर घालणं सोपं जातं. अशी माणसं अजून आहेत, येतो पुढं त्याच्यावर.

मधे एकदा कारवी फुलली. मग परत फुलायचं वर्ष आलं. भिवराईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, तिला दिवस आणि रात्र एवढंच कळायचं. भाकरी मात्र चाचपत ठेवून यायची.

त्या दुसऱ्या फुलोऱ्याच्या भादव्यात, अशीच संध्याकाळ, असाच पाऊस, हीच पडवी. शेकोटीशी माणसं. खेवजी म्हातारा होऊन खांबाला टेकलेला. आणि वरून हाक आली. बाईच्या आवाजात.

"लुमाऽऽ!"

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. लुमाला जाऊन दोन फुलोरे झालेले. आणि बायको नवऱ्याचं नाव घेईल? जीव गेला तरी घेणार नाही. तेव्हाच्या बायका तर त्या नावाचं दुसरं कुणी असलं तरी त्याचं नाव फिरवून घ्यायच्या.

खेवजीनं हात वर केला. "ओ देऊ नका. मेलेल्याचं नाव घेतंय. ठमा नवऱ्याचं नाव घेणार नाही. चकवा आहे."

"ठमाबाई पडली-बिडली असेल तर?" एक बाई म्हणाली.

"पडली असती तर आये म्हणाली असती. माणूस काय—"

"गप बस, खेवज्या."

भिवराई होती ती. काठीवर उठून उभी राहिली होती. सगळं गाव तिच्याकडं बघायला लागलं, पण तिला ते दिसत नव्हतं. तेच बरं झालं. दिसलं असतं तर कदाचित परत गप्प बसली असती.

"ती माझी सून आहे," भिवराई म्हणाली. "आणि तेव्हाही माझा लेकच होता. मला ठाऊक होतं. मी गोठ्यात उभी होते, कुडाआड. तो तिला म्हणाला, उद्या तुला डोंगरावरून नावानं हाक मारतो. मी ऐकलं होतं. हाक आली तेव्हा मला कळलं होतं कोण आहे ते. मला राग आला होता, की मला का नाही मारली. म्हणून मी तिचं मनगट धरलं. तुम्ही सगळे तिला म्हणालात तोंड का शिवलं होतंस. ते तोंड माझं होतं."

वरून परत आली हाक, खालच्या आवाजात. "लुमाऽऽ."

भिवराई पडवीच्या कडेला आली. पाऊस तिच्या तोंडावर पडत होता. आणि तिनं ओ दिली. "ओऽऽ! आले गं, पोरी! ओऽऽ!" लेकाच्या नावाला आईनं ओ दिली. तिच्या लेकाला जी द्यायची राहिली होती ती.

"भिवरे, आंधळी तू, कुठं निघालीस?" खेवजी ओरडला.

"धुक्यात मला तुमच्यापेक्षा जास्त दिसतं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

दोन माणसं तिच्या मागं धावली. पण धुकं असं होतं की हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. दोघंही घाबरून परत आली. मग गावानं नुसतं ऐकलं. वरून हाक यायची, लुमाऽऽ. खालून ओ जायची, ओऽऽ. हाक वर, ओ खाली. मग ओ थोडी वर. मग आणखी वर. पहिला कडा जिथं गड्यालाही दोन्ही हातांनी धरावं लागतं, तिथून ओ आली. घळीच्या अंगाहून आली. आंधळी म्हातारी चढत होती. तिच्यापुढं कारवी वाकून वाट करून देत होती, असं म्हणतात. आणि गावातलं एकही माणूस तिच्या ओला साथ देईना. एका माणसानंही दिली असती तर दोघींना खालची दिशा कळली असती. पण सगळे खेवजीच्या वर केलेल्या हाताकडं बघत बसले. परत एकदा. तीच पडवी, तीच माणसं, तीच चूक.

हाक आणि ओ जवळ जवळ येत गेल्या. मग दोन्ही एका जागेहून आल्या. मग दोन्ही थांबल्या.

सकाळी गाव वर गेलं. सगळं गाव, बायकासुद्धा, ज्या कधी गेल्या नव्हत्या. रात्रीतून कारवी खालपासून कड्यापर्यंत जांभळी झाली होती. कपारीत राख गरम होती. भिवराईची काठी भिंतीला टेकवलेली होती, घरी आल्यावर टेकवतात तशी. भाकरी होती, अर्धी अर्धी मोडलेली. माणसं दोन्ही नव्हती. घळ शोधली, कडे शोधले, घारी कुठं फिरतायत ते पाहिलं. काही नाही.

तेव्हा खेवजी भगत, ज्याला दोघांनी धरून वर आणलं होतं, तो कपारीच्या तोंडाशी उभा राहिला आणि हात वर करून ओरडला, "ठमेऽऽ! भिवरेऽऽ!"

डोंगरानं ऐकलं.

त्याचीच हाक परत आली असती तर सगळ्यांना वाटलं असतं, चला, आवाज घुमला. पण हाक परत आली नाही. ओ आली. पहिल्यांदा कड्यातून, मग घळीतून, मग मागच्या धारेवरून. एक तरणी, एक म्हातारी. ओऽऽ, ओऽऽ. खेवजी तिथंच बसला. त्याचा वर केलेला हात पुन्हा कधी खाली आला नाही, असं म्हणतात. वाळक्या फांदीसारखा तसाच राहिला आणि तसाच जळला. पण चुकलो हा शब्द त्याच्या तोंडून सरणापर्यंत निघाला नाही.

तेव्हापासून बहिऱ्या ऐकतो. खोटं वाटत असेल त्यानं सकाळी वर जाऊन ओरडून बघावं. शहरातल्या पोरांनो, तुम्हीही बघा. मात्र ओ आली की तिच्याकडं जायचं नाही. तिला पाठ करून खाली यायचं. वर जाऊन त्या दोघींना त्रास द्यायचा नाही. त्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही.

आणि तेव्हापासून उंबरदांडात नियम बदलला. आमच्याकडं लग्नात उखाणा नाही. बाहेरच्या पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. वाटू दे. नवरी घरात यायच्या आधी तिला आणि नवऱ्याला वेशीबाहेरच्या धोंड्यावर उभं करतात. त्यानं डोंगराकडं तोंड करून तिचं नाव घ्यायचं, खणखणीत. तिनं ओ द्यायची. मग तिनं त्याचं नाव घ्यायचं, लाजायचं नाही, आडून नाही, कशात गुंफून नाही, नुसतं नाव. त्यानं ओ द्यायची. आणि सासूनं तेव्हा सुनेचं मनगट धरायचं नाही, तिचे दोन्ही हात मोकळे पाहिजेत. एवढं झालं की उंबरा ओलांडायचा.

आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत, दिवेलागणीला, एका घरानं धोंड्यापाशी जाऊन डोंगराकडं ओ द्यायची. कुणी हाक मारलेली असो नसो. कुणाचं नाव, कुणाचं नातं, चकवा की माणूस, काही विचारायचं नाही. ओ द्यायची. घराघरांची पाळी लावलेली आहे. ताप असला तरी पाळी चुकवायची नाही. या गावाला एवढंच एक काम नेमून दिलेलं आहे.

आता शेवटचं सांगतो आणि उठतो. गेल्या श्रावणात माझं वासरू सुटलं म्हणून मी म्हातारा टेपावर गेलो आणि धुकं उतरलं. मी हाक मारली. घसा फाटेपर्यंत मारली. डोंगरानं ओ दिली, मागून. पण पुढून, धोंड्याहून, गावाची ओ आली नाही. मी रात्रभर कारवीत भिजत बसलो. हे गुडघे तेव्हाचेच आहेत. त्या दिवशी ज्याची पाळी होती तो घरात मोबाईलवर क्रिकेट बघत होता. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मला म्हणतो, "आजा, तुझी हाक आली होती, पण मला वाटलं शिव्या देतोयस." शिव्याच देत होतो. शिवीलाही ओ द्यायची असते, एवढी गोष्ट ऐकून ते कळलं नसेल तर काय कळणार?

त्याला वर्ष झालं. माझ्या उंबऱ्याशी येऊन चुकलो एवढा एक शब्द बोलायला त्याला अजून वेळ मिळालेला नाही. आत्ता मागच्या खांबाला टेकून बसलाय, खेवजी बसायचा तिथंच. मान खाली घालू नकोस, सगळ्यांना दिसतोयस. मी त्याला नात्यानं हाक मारणार नाही. नावानंच मारतो, आणि ओ येईपर्यंत इथून उठत नाही.

"सोमा ठकाजी गवारीऽऽ!"